बटन सेलवर चालणारा तापमान-आर्द्रता बीकन : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवायला सुरुवात करतो. साठवणुकीच्या बंद खोल्या, कपाटे आणि शीतपेट्या यांच्या आत ठेवता येईल, सीआर२०३२ या एका बटन सेलवर किमान दोन वर्षे चालेल आणि कोणत्याही साध्या स्मार्टफोनवर तापमान व आर्द्रता दाखवेल असा छोटा बीकन, म्हणजे आपली माहिती रेडिओवरून सतत सांगत राहणारे यंत्र, तयार करायचा आहे. फोनशी जोडणी करायची नाही, पेअरिंग नाही, पासकोड नाही. बीकनने आपले आकडे ब्लूटूथ लो एनर्जीच्या ॲडव्हर्टायझिंग पॅकेटमधून, म्हणजे कोणालाही ऐकता येणाऱ्या छोट्या जाहीर रेडिओ-संदेशांतून, हवेत सोडत राहायचे आणि ज्याला हवे त्याने ते टिपायचे, एवढीच कल्पना आहे.

या पद्धतीची मेख मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. संवाद एकतर्फी असल्यामुळे आपले म्हणणे कोणी ऐकले की नाही, हे बीकनला कधीच कळत नाही. पोहोच मिळत नाही, म्हणून राहिलेले पुन्हा पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे प्रत्येक पॅकेट स्वतःपुरते पूर्ण असले पाहिजे. मागचे दहा हुकले तरी अकराव्यातून वाचणाऱ्याला सगळे कळले पाहिजे.

९ जानेवारी

चिप आणि सेन्सर ठरले. चिप नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ आहे. ती १.७ ते ३.६ व्होल्टवर चालते, म्हणजे सेल थेट जोडता येतो, मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर लागत नाही. सेन्सर सेन्सिरिऑनचा एसएचटी४० आहे. एका अचूक मोजणीला तो जास्तीत जास्त ८.३ मिलिसेकंद घेतो आणि उरलेला वेळ जवळजवळ काहीच प्रवाह न घेता पडून राहतो, त्यामुळे दर ३० सेकंदांनी मोजले तरी सरासरीत त्याचा वाटा ०.१ मायक्रोअँपिअरच्या आसपासच पडतो. या हिशेबात सेन्सर हा खर्चिक भाग नाहीच, सगळा खर्च रेडिओचा.

रेडिओचे गणित असे आहे. साध्या ॲडव्हर्टायझिंग पॅकेटमध्ये आपल्याला ३१ बाइट मिळतात. त्यांच्यापुढे प्रिॲम्बलचा (सुरुवातीच्या खुणेचा) १, ॲक्सेस ॲड्रेसचे ४, हेडरचे २ आणि यंत्राच्या पत्त्याचे ६ बाइट असतात, तर शेवटी सीआरसीचे, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का हे तपासणाऱ्या आकड्याचे, ३. असे एकूण ४७ बाइट एक मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने पाठवायला ३७६ मायक्रोसेकंद लागतात. हेच पॅकेट ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनेलवर, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर, लागोपाठ पाठवले जाते. वाय-फायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनेलांच्या गर्दीतून सुटणाऱ्या या जागा आहेत. शून्य डीबीएमवर, म्हणजे एक मिलिवॉट ताकदीवर, चिप साधारण ५.३ मिलिअँपिअर घेते, म्हणजे तिन्ही चॅनेल मिळून निव्वळ प्रक्षेपणाचा विद्युतप्रभार ६ मायक्रोकूलोम झाला. प्रोसेसर जागा होणे, घड्याळाची लय देणारा मुख्य क्रिस्टल स्थिर होणे आणि रेडिओ तयार होणे यांचा खर्च वेगळा धरावा लागतो. म्हणून तीन चॅनेलांच्या एका फेरीला ११ मायक्रोकूलोम आणि झोपेत सतत २ मायक्रोअँपिअर असा अंदाज धरतो.

सेलवर २२० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असले तरी वापरात येतील ते २०० धरतो. दर १०० मिलिसेकंदांनी प्रक्षेपण केले तर सेल ७८ दिवसांत संपतो, दर सेकंदाला केले तर २१ महिने टिकतो, दर २ सेकंदांनी तीन वर्षे आणि दर ५ सेकंदांनी पाच वर्षांहून थोडा अधिक. यापुढे मध्यांतर वाढवण्यात फारसा फायदा नाही, कारण तिथून पुढे झोपेतला प्रवाहच वरचढ ठरतो. पाच वर्षांचा आकडा मोहात पाडणारा आहे, तेव्हा सुरुवात त्यानेच करून पाहू.

१४ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस ३१ बाइटांच्या वाटपात गेला.

ॲपलने २०१३ मध्ये आणलेल्या आयबीकनच्या साच्यात १६ बाइटांचा ओळख क्रमांक आणि प्रत्येकी दोन बाइटांचे मेजर व मायनर असे आकडे असतात. काही जण मायनरमध्येच तापमान कोंबतात. ती युक्ती मला पटत नाही, कारण तो साचा ‘मी कोण’ हे सांगण्यासाठी आहे, ‘मला काय दिसते’ हे सांगण्यासाठी नाही. शिवाय आयफोनवर साध्या ब्लूटूथ स्कॅनमध्ये, म्हणजे आसपासची पॅकेट ऐकताना, आयबीकनचे पॅकेट ॲपच्या हाती लागतच नाही. गूगलने २०१५ मध्ये आणलेल्या एडिस्टोन साच्याच्या टीएलएम (यंत्राची स्थिती कळवणाऱ्या) पॅकेटमध्ये सेलचे व्होल्टेज आणि तापमान यांना जागा आहे, पण आर्द्रतेला नाही. २०१६ च्या ब्लूटूथ ५ मध्ये आलेले विस्तारित ॲडव्हर्टायझिंग वापरले तर जागेची चणचण संपते, मात्र जुन्या फोनांना ते ऐकूच येत नाही.

पहिल्या चाचण्यांसाठी उत्पादकाच्या मजकुराचा प्रकार आणि ६५५३५ हा कंपनी क्रमांक वापरला होता. तो क्रमांक अंतर्गत चाचणीपुरताच राखलेला असल्याने बाहेर जाणाऱ्या यंत्रात ठेवता येत नाही. म्हणून बीटीहोम हा खुला साचा घेतला. त्यात सोळा-बिटी सेवा क्रमांकाखाली (मजकूर कोणत्या साच्यातला हे सांगणारा आकडा) प्रत्येक राशीचा एक बाइटाचा सांकेतिक क्रमांक आणि त्यामागे तिचे मूल्य येते, आणि सांकेतिक क्रमांक चढत्या क्रमाने असावे लागतात.

आजचे वाटप असे झाले. यंत्राची ब्लूटूथ-क्षमता सांगणाऱ्या फ्लॅगला ३ बाइट, सेवा क्रमांकाच्या यादीला ४. मुख्य मजकुराला १६, त्यात पॅकेट क्रमांक, तापमान, आर्द्रता आणि व्होल्टेज बसतात. असे २३ बाइट झाले आणि उरलेल्या ८ मध्ये सहा अक्षरांचे नाव आले. २७.४३ अंश तापमान शंभरपट करून २७४३ या पूर्णांकात जाते. हलका बाइट आधी येत असल्याने हवेत आधी १८३ आणि मग १० जातात, कारण १० गुणिले २५६ अधिक १८३ म्हणजे २७४३.

सेलची टक्केवारी मुद्दाम टाळली आहे. या सेलचे व्होल्टेज आयुष्याचा मोठा भाग जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी झपाट्याने उतरते, त्यामुळे त्यावरून काढलेली टक्केवारी वाचणाऱ्याला खोटा धीर देते. त्याऐवजी रेडिओचे काम संपताक्षणी, म्हणजे सेलवर ताण असतानाच मोजलेले व्होल्टेज पाठवायचे.

२१ जानेवारी

पहिला बोर्ड हातात आला, फर्मवेअर (चिपवर चालणारा प्रोग्राम) चढवले, आकडे फोनवर दिसले. सरासरी प्रवाह मात्र ४ मायक्रोअँपिअर अपेक्षित असताना एक मिलिअँपिअरच्या वर निघाला. हा वेग धरला तर सेल आठवड्याभरातच बसेल.

यातला पहिला वाटा प्रोग्रामरचा, म्हणजे चिपमध्ये फर्मवेअर भरणाऱ्या साधनाचा, होता. दोष शोधण्यासाठी तोच डीबगर म्हणून एकदा जोडला की काढून घेतल्यावरही चिपचा डीबग विभाग जागाच राहतो, सेल काढून पुन्हा बसवेपर्यंत तो झोपत नाही. दुसरा वाटा सिरियल पोर्टवर छापल्या जाणाऱ्या चाचणी-संदेशांचा होता. ते नुसते न पाठवल्याने भागत नाही, पोर्टच बंद करावा लागतो. दोन्ही दूर केल्यावर मीटर ३०४ मायक्रोअँपिअरवर स्थिरावला आणि हलेना.

तासभर फर्मवेअर चाळल्यावर लक्षात आले की उत्तर आकड्यातच आहे. अपेक्षित ४ वजा केले की ३०० उरतात, आणि ३ व्होल्ट भागिले १० किलोओहम म्हणजे बरोबर ३०० मायक्रोअँपिअर. सेन्सरच्या आयटूसी तारांवर, म्हणजे चिप आणि सेन्सर ज्यांवरून बोलतात त्या तारांवर, दहा-दहा किलोओहमचे पुल-अप रोध आहेत, ते मोकळ्या तारेला सेलच्या व्होल्टेजवर धरून ठेवतात. मोजणी झाल्यावर मी आयटूसी विभाग बंद करत होतो, पण बंद करताना डेटाची पिन शून्यावर धरलेली राहत होती आणि तो रोध रात्रंदिवस प्रवाह वाहून नेत होता. पिन मोकळी सोडणारी एक ओळ लिहिली आणि मीटर ४.३ वर आला.

३० जानेवारी

सेन्सरच्या वाचनाचा भाग पक्का केला. सेन्सर सहा बाइट देतो, दोन तापमानाचे आणि त्यांची सीआरसी, दोन आर्द्रतेचे आणि त्यांची सीआरसी. सीआरसी जुळली नाही तर जुना आकडा न पाठवता ती राशीच पॅकेटमधून वगळायची असे ठरवले, कारण शिळा आकडा ताजा म्हणून जाण्यापेक्षा न गेलेला बरा. आर्द्रतेचे सूत्र उणे ६ पासून सुरू होऊन ११९ पर्यंत जाऊ शकते, तेव्हा ० ते १०० च्या बाहेरचे मूल्य कडेला आणून ठेवावे लागते. तसे न केल्यास अगदी कोरड्या हवेत एखादे ऋण मूल्य अचिन्ह (ऋण आकडे न ओळखणाऱ्या) पूर्णांकात शिरून भलतेच काही दाखवेल.

ऋण मूल्याचा हा धडा आजच मिळाला होता. बीकन फ्रीझरमध्ये ठेवला, फोनवर आकडा शून्यापर्यंत नीट उतरला आणि मग एकदम ६५१.८६ अंश झाला. उणे ३.५० चे उणे ३५०, ते सोळा बिटांत ६५१८६, आणि वाचणाऱ्या ॲपने त्याला चिन्हविरहित समजून शंभराने भागले. बीकनची चूक नव्हती. सहकाऱ्याने ॲपमध्ये एका शब्दाची दुरुस्ती केली आणि तेव्हापासून आमच्या चाचणीच्या यादीत फ्रीझर कायमचा आला.

५ फेब्रुवारी

दीर्घ चाचणी सुरू आहे. मध्यांतर ५.१२ सेकंद ठेवले आहे. ब्लूटूथमध्ये हे मध्यांतर ०.६२५ मिलिसेकंदांच्या एककात सांगतात आणि ५.१२ सेकंद म्हणजे बरोबर ८१९२ एकके, सुबक आकडा म्हणून तोच घातला. टेबलावर, जुन्या अँड्रॉइड फोनपासून दोन हातांवर बीकन ठेवला आहे आणि फोनवरचे ॲप कमी ऊर्जेच्या स्कॅनमध्ये दिवसभर चालू आहे.

नोंदवही विचित्र आहे. साधारण नऊ मिनिटे प्रत्येक पॅकेट मिळते, एकही हुकत नाही. मग सव्वा तासाहून अधिक काळ काहीही नाही. पुन्हा नऊ मिनिटे सगळे आणि पुन्हा शांतता.

पहिला संशय अर्थातच फर्मवेअरवर गेला, दुसरा सेलवर, तिसरा फोनवर. १० ओहमच्या रोधावर ऑसिलोस्कोप लावून शांततेच्या काळात पाहिले, तर प्रक्षेपणाचे तीन-तीन सुळके दर ५.१२ सेकंदांनी इमानेइतबारे येत होते. बीकन बोलत होता. शेजारी दुसरा फोन पूर्णवेळ स्कॅनवर ठेवला, त्याला सगळी पॅकेट मिळत होती.

७ फेब्रुवारी

कोडे सुटले. इतके दिवस मी बीकनच्या बाजूनेच विचार करत होतो आणि ऐकणाऱ्याला वेळापत्रक असते हे विसरलो होतो.

कमी ऊर्जेच्या स्कॅनमध्ये हा फोन सतत ऐकत नाही. ५१२० मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेरीत तो ५१२ मिलिसेकंद कान उघडतो आणि उरलेला वेळ बंद ठेवतो. माझा बीकनही दर ५१२० मिलिसेकंदांनीच बोलत होता. दोघांची लय तंतोतंत सारखी असल्याने बीकनचे पॅकेट एकदा खिडकीत पडले की पुढचेही पडते, आणि एकदा बाहेर पडले की पुढचेही बाहेरच पडते. ही गाठ कधीच सुटली नसती. पण दोन बीकनांची पॅकेट सारखी एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक फेरीत ० ते १० मिलिसेकंदांचा यादृच्छिक उशीर मिसळायचा असा ब्लूटूथचा नियम आहे. तो सरासरी ५ मिलिसेकंद भरतो, म्हणून बीकन फोनच्या फेरीत दर वेळी ५ मिलिसेकंद मागे सरकत जातो.

आता हिशेब करू. ५१२ मिलिसेकंदांची खिडकी ५-५ मिलिसेकंदांनी ओलांडायला सुमारे १०२ फेऱ्या लागतात, म्हणजे ५२५ सेकंद, पावणेनऊ मिनिटे. बंद काळाच्या ४६०८ मिलिसेकंदांना ९२२ फेऱ्या, म्हणजे ७९ मिनिटे. नोंदवहीत शांततेचे तीन काळ होते ७८, ८० आणि ७९ मिनिटे. इतका नेमका जुळणारा दोष मी यापूर्वी पाहिलेला नाही, आणि खरे सांगायचे तर सापडल्यावर थोडा आनंदच झाला.

१० फेब्रुवारी

केवळ ५.१२ टाळून भागत नाही. फोनच्या फेरीशी साध्या पटीत असणारे कोणतेही मध्यांतर कमी-अधिक प्रमाणात हाच खेळ करते. ॲपल आपल्या उपसाधनांसाठी पहिली ३० सेकंद २० मिलिसेकंदांचे आणि नंतर १५२.५, २११.२५, ३१८.७५ पासून १०२२.५ आणि १२८५ पर्यंतची काही ठरावीक मध्यांतरे सुचवते. ती डोळे झाकून उचलणार होतो, पण कागदावर तपासले. १२८५ मध्ये सरासरी उशिराचे ५ मिळवून चारने गुणले की ५१६० येतात, म्हणजे आमच्या या अँड्रॉइड फोनच्या फेरीहून फक्त ४० मिलिसेकंद जास्त. या सरकण्याने खिडक्यांमधली दरी ओलांडायला शंभरेक सेकंद जातात. ते आकडे ॲपलच्या फोनांसाठी आहेत, प्रत्येक फोनच्या लयीसाठी नाहीत. ऐकणाऱ्याची लय ठाऊक नसेल तर लय न धरणे हाच मार्ग उरतो.

म्हणून फर्मवेअर बदलले. दर ३० सेकंदांनी नवी मोजणी झाली की प्रक्षेपण थांबवून १.८ ते २.३ सेकंदांमधले एखादे मध्यांतर चिठ्ठी काढल्यासारखे निवडायचे आणि पुन्हा सुरू करायचे. सरासरी दोन सेकंदांच्या जराशी वर राहते आणि प्रवाहाचा हिशेब साडेसात मायक्रोअँपिअरपर्यंत जातो. पाच वर्षांचा मोह सोडला, तीन वर्षे पुरेशी आहेत.

लय मोडल्यावर संभाव्यतेचे साधे गणित लागू पडते. फोन दहा टक्के वेळ ऐकतो, मिनिटाला साधारण ३० फेऱ्या होतात, म्हणून एका मिनिटात एकही पॅकेट न मिळण्याची शक्यता ०.९ चा तिसावा घात, म्हणजे चार टक्के. पाच सेकंदांच्या मध्यांतराला लय मोडूनही हाच आकडा २८ टक्के आला असता. टेबलावरच्या सहा बीकनांत मोजलेला आकडा साडेपाच टक्के आला. वरचा दीड टक्का हवेतल्या इतर गर्दीचा धरतो.

१७ फेब्रुवारी

ॲपच्या बाजूच्या या नोंदी सहकाऱ्याने सांगितल्या, मी उतरवतो.

अँड्रॉइड ७ पासून एखाद्या ॲपने ३० सेकंदांत पाचाहून अधिक वेळा स्कॅन सुरू-बंद केले की पुढच्या स्कॅनला निकालच मिळत नाहीत, आणि ठळक असा दोषसंदेशही येत नाही. आमच्या ॲपमध्ये पडदा बदलला की स्कॅन नव्याने सुरू होत असे, त्यामुळे घाईने इकडेतिकडे फिरणाऱ्या माणसालाच बीकन ‘दिसत नाही’ व्हायचे. ८.१ पासून पडदा बंद असताना गाळणी न लावलेला स्कॅन थांबवला जातो, म्हणून सेवा क्रमांकाची गाळणी लावणे भाग आहे. ६ ते ११ या आवृत्त्यांत स्कॅनसाठी स्थानाची परवानगी लागते, १२ पासून स्कॅनची स्वतंत्र परवानगी आली. तिच्यासोबत ‘स्थानासाठी वापरणार नाही’ अशी ग्वाही दिली तर काही प्रकारचे बीकन निकालांतून आपोआप गाळले जातात, तेव्हा ती ग्वाही देऊन प्रत्यक्ष चाचणी केल्याशिवाय पुढे जायचे नाही.

आयफोनवर पार्श्वभूमीत स्कॅन करायचा तर सेवा क्रमांक आधी सांगावा लागतो. १४ जानेवारीला यादीसाठी घातलेले ४ बाइट त्यासाठीच आहेत. तरीही पार्श्वभूमीत एकाच यंत्राची पॅकेट एकत्र केली जातात, दर वेळी नवा आकडा ॲपपर्यंत येत नाही. आयफोनवर ॲप उघडल्यावर चालू आकडा दाखवायचा, सलग नोंद ठेवण्याचे काम आयफोनवर सोपवायचे नाही, हे मान्य करून पुढे निघालो.

२४ फेब्रुवारी

अर्धा वापरलेला सेल उणे १५ अंशांवर ठेवून चाचणी घेतली. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि प्रक्षेपणाच्या क्षणी व्होल्टेज २.८ वरून २.३ पर्यंत कोसळताना दिसले. चिप १.७ पर्यंत तग धरते, पण सेलच्या शेवटच्या वर्षात हीच घसरण तिला पुन्हा-पुन्हा रीसेट करेल.

विद्युतप्रभार साठवून तो प्रक्षेपणाच्या क्षणी पुरवणारा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलला समांतर लावायचा असे ठरले. आधी टँटलम प्रकारचा पाहिला. त्याच्या डेटाशीटमधली गळतीची कमाल मर्यादा मोजली तर ६ मायक्रोअँपिअरच्या वर गेली, म्हणजे जवळजवळ आमच्या सगळ्या खर्चाइतकी. प्रत्यक्षात गळती याहून बरीच कमी असते, पण ज्याची हमी नाही त्यावर तीन वर्षांचा हिशेब मांडणे मला जमत नाही. म्हणून ४७ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक घातले. ११ मायक्रोकूलोमला गणिताने ०.१२ व्होल्टची घसरण यायला हवी होती, दिसली ०.१९. व्होल्टेज चढले की सिरॅमिकची धारिता घटते, त्याचाच हा परिणाम, प्रत्यक्षात ९४ ऐवजी ५८ मायक्रोफॅरडच कामाला येत आहेत. तेवढे पुरतात.

३ मार्च

बोर्डवर सेल अँटेनाच्या अगदी जवळ आला होता. २० मिलिमीटर व्यासाची धातूची चकती ही अँटेनाच्या दृष्टीने भिंतच आहे. सेलधारक बोर्डच्या दुसऱ्या टोकाला नेला, अँटेनाखालचा तांब्याचा थर काढला. त्याच जागी, त्याच फोनवर सिग्नल ११ डीबीने वाढला. प्रक्षेपणाची ताकद वाढवून हेच मिळवायला गेलो असतो तर सेलला भुर्दंड पडला असता.

११ मार्च

आतापर्यंत आकडे उघडे जात होते. कोणीही ते वाचू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कालचे ‘सगळे ठीक’ पॅकेट टिपून उद्या तेच हवेत सोडू शकतो. शीतपेटीच्या बाबतीत हे चालणार नाही.

बीटीहोममध्ये १२८ बिटांच्या किल्लीने एईएस-सीसीएम पद्धतीची, मजकूर लपवणारी आणि त्याचा खरेपणा तपासणारी, सांकेतिकता आहे. तिला ४ बाइटांचा गणक (दर नव्या मोजणीला वाढणारा आकडा) आणि ४ बाइटांची खरेपणाची खूण, असे ८ बाइट जास्त लागतात. नावाचे ८ बाइट काढून ते बसवले आणि बेरीज बरोबर ३१ आली. मग लक्षात आले की गणक आल्यावर पॅकेट क्रमांकाची गरज उरत नाही, म्हणून तेही दोन बाइट काढले. मोकळी झालेली जागा दुसऱ्या कशाने भरायची गरज नाही. प्रत्येक चॅनेलवर १६ मायक्रोसेकंद वाचले हेच पुरे.

एक अडचण मात्र आधी ध्यानात आली नव्हती. कुलूप उघडण्यासाठी किल्लीबरोबर बीकनचा ६ बाइटांचा पत्ताही लागतो, आणि आयफोन तो पत्ता ॲपला दाखवतच नाही, त्याऐवजी स्वतःचा ओळख क्रमांक देतो. शेवटी पत्ता आणि किल्ली दोन्ही क्यूआर कोडमध्ये घालून तो कोड खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचे ठरले. बाहेरून चिकटवला असता तर किल्ली दारालाच टांगून ठेवल्यासारखे झाले असते.

१४ मार्च

सेल बदलला की गणक शून्यावर जातो. तसे झाले तर फोन नवी पॅकेट जुनी समजून नाकारतो, शिवाय एकाच किल्लीखाली तोच गणक पुन्हा वापरला गेल्याने सांकेतिकतेचा पायाच ढासळतो. गणक दर मोजणीला फ्लॅश मेमरीत, म्हणजे सेल काढला तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहिणे परवडत नाही, कारण दिवसाला २८८० मोजण्या होतात.

तोड अशी काढली की गणकाने १०२४ चा टप्पा ओलांडला की तेवढाच टप्पा फ्लॅशमध्ये लिहायचा, आणि बीकन सुरू होताना नोंदलेल्या टप्प्याच्या पुढच्या टप्प्यापासून मोजायला लागायचे. प्रत्येक सेलबदलाला काही शे आकडे वाया जातात, पण चार बाइटांत सव्वाचार अब्जांहून अधिक आकडे मावतात. तीन वर्षांत सुमारे ३१०० वेळा लिहावे लागेल. ४ किलोबाइटांच्या एका पानात असे १०२४ शब्द बसत असल्याने पान चारदेखील वेळा पुसावे लागणार नाही, आणि चिपचे फ्लॅश पान १०,००० वेळा पुसले तरी चालते.

२८ मार्च

बारा बीकन दोन आठवडे चालवले. सरासरी प्रवाह ७.२ ते ७.९ मायक्रोअँपिअर. तीन बीकनांचे सेल मुद्दाम काढून पुन्हा बसवले. गणकाने पुढच्या टप्प्यावर उडी घेतली आणि फोनने पहिलेच पॅकेट स्वीकारले.

खोक्याबाबतचा एक दोष राहिला आहे. खोक्यात बंद बीकनला खोलीतला बदल दाखवायला उघड्या बोर्डापेक्षा बराच उशीर लागतो, कारण सेन्सर बोर्डच्या मधोमध आहे आणि बोर्डचे तांबे व सेल मिळून त्याचे तापमान धरून ठेवतात. सेन्सर बोर्डच्या कडेला एका अरुंद जिभेवर न्यायचा, तिच्या तिन्ही बाजूंनी खाच कापायची, तारा शक्य तितक्या बारीक ठेवायच्या आणि खोक्याला त्या जागी हवा जाणारी भोके पाडायची असे ठरले. दुसऱ्या आवृत्तीचा बोर्ड तसा आखून आज बनवायला पाठवला.